गावाकडचे पान : खुनाचा माग आणि पोलीस पाटील



इंग्लंडातल्या टुमदार खेड्यांतले खून टीव्हीवर बघण्यात आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी जातात. चहाचा कप, गुलाबाची बाग आणि दर अर्ध्या तासाला एक प्रेत! मग मुले विचारतात, "आजोबांच्या गावात असे झाले तर कोण शोधून काढते?" मुलांना सांगता यावे म्हणून या वेळचे पान पोलीस पाटलांसाठी.

समजा, पहाटे मोटार चालू करायला गेलेल्या गड्याला विहिरीत प्रेत दिसले. पोलीस ठाणे वीस-पंचवीस किलोमीटरवर. फौजदार येईपर्यंत निम्मे गाव विहिरीवर जमणार, काठावरच्या चपला कोणीतरी उचलणार, पावलांवर पावले पडणार. अशा वेळी पहिली हाक जाते ती पोलीस पाटलाला. त्याला गणवेश नाही, बंदूक नाही. कोतवालाला उभे करून त्याने गर्दी हटवायची, ठाण्याला खबर द्यायची, पंच म्हणून दोन जाणती माणसे बघायची आणि पोलीस येईपर्यंत कशाला हात लागू द्यायचा नाही. पुढे कोर्टात खटला उभा राहतो की कोसळतो, हे पुष्कळदा या पहिल्या दोन तासांवर ठरते.

पूर्वी पाटीलकी वंशपरंपरेने चाले. १९६२ च्या कायद्याने ती वतनदारी गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. त्याची नेमणूक प्रांतसाहेब करतात, आणि आता बायकाही पोलीस पाटील असतात. शेती किंवा गावातला छोटा धंदा करायला मुभा आहे, पण राहायचे गावातच. मानधन बरीच वर्षे अगदी तुटपुंजे होते. २०२४ साली ते महिना १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. गुन्हा घडला आणि गुन्हेगार माहीत नसेल, तर खबर देऊन थांबायचे नाही, मिळेल तो पुरावा गोळा करायचा, ही जबाबदारी त्याच्यावर आहे.

ही रीत आजची नाही. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने इथल्या कारभाराचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराची पद्धत नोंदलेली आहे. चोरी झाली की पावलांचा माग काढत त्याने शिवेपर्यंत जायचे. माग पुढच्या गावात शिरला आणि तिथल्या राखणदाराची खात्री पटली, की जबाबदारी त्या गावाची. 'माग लागला' हा आपला शब्दप्रयोग उगीच नाही आलेला!

आज पाऊल डांबरी रस्त्यावर उमटत नाही. तपास करतात ते फौजदार आणि इन्स्पेक्टर. शवविच्छेदन, मोबाईलचे तपशील हे सगळे त्यांच्याकडे. पाटलाकडे असते ते दुसरेच ज्ञान. बांधावरून कोणाचे वाजले होते, सामाईक विहिरीच्या पाळीवरून कोणत्या भावांत बोलणे बंद आहे, बाजाराच्या दिवशी मयत कोणाच्या गाडीवर बसून गेला, आणि कालपर्यंत पारावर बसणारा कोण आज अचानक सासुरवाडीला निघून गेला. बीट हवालदाराला हे विचारून विचारून आठवडा लागेल. पाटलाला ते न विचारता ठाऊक असते.

कधी कधी तर गुन्हेगारच रात्री पाटलाच्या ओसरीवर येऊन बसतो आणि "पाटील, घात झाला माझ्या हातून" म्हणतो. इथे मोठा पेच आहे. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्ट पुरावा म्हणून धरत नाही. १८७२ च्या कायद्यात हे होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. मग पाटील हा पोलीस की गावकरी? यावर कोर्टांत वेळोवेळी बराच कीस पडला आहे.

खरा कस मात्र वेगळ्याच ठिकाणी लागतो. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची, त्याच्या शेजारीच उद्या पेरणी करायची असते. त्याच्या घरच्या लग्नाला जायचे असते. शहरातला पोलीस बदलून जातो. पाटील कुठे जाणार? म्हणून अनेक खटल्यांत साक्षीदार फितूर होतात आणि सारा गाव ठाऊक असलेली गोष्ट कोर्टात सिद्ध होत नाही.

आणि गावच गप्प बसले तर? भंडारा जिल्ह्यातली खैरलांजी आठवा. शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला मारहाण झाली. मारणाऱ्यांना ओळखणारी साक्ष एका दलित कुटुंबातल्या माय-लेकींनी दिली. २९ सप्टेंबरला त्या दोघी आणि घरातली दोन्ही मुले, अशी चार माणसे जमावाने ठार मारली. एकटे वडील वाचले. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखणारे. तरी बोलायला माणसे पुढे येईनात. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी सुनावली गेली, ती २०१० साली उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली.

म्हणजे गावाला सगळे ठाऊक असते, हे खरे. पण ठाऊक असणे आणि सांगणे यांत शिवेएवढे अंतर आहे. ते ओलांडायला एका माणसाची हिंमत पुरत नाही, गावाने त्याच्या मागे उभे राहावे लागते. टीव्हीवरच्या गोष्टीत शेवटच्या पाच मिनिटांत खुनी सापडतो आणि सगळे घरी जातात. आपल्या गावात मात्र सगळे तिथेच राहतात.

यंदा सुट्टीत गावी गेलात, तर मुलांना जरूर पोलीस पाटलांच्या ओसरीवर घेऊन जा. चहा मिळेलच, गोष्टीही मिळतील. त्यातल्या छापण्याजोग्या असतील त्या, नावे गाळून, आमच्याकडे पाठवा. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला आणि सुवाच्य अक्षरात असावा, ही नेहमीची विनंती!