साखरेचा रकाना

घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला. खंडेनवमीला, १ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन आला. मेडिक्लेमच्या पन्नास हजारांच्या हप्त्यासाठी ५९ हजार मोजणाऱ्या निवृत्त माणसाचे नऊ हजार वाचले. पेन्शनीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम मोठी आहे, आणि तिचे मनापासून स्वागत.

पण कोल्हापुरात मिरजकर तिकटीवर भेटणारा विमा एजंट तेव्हापासून वेगळा हिशेब मांडतो आहे. जीएसटी माफ झाल्याने एजंटाच्या कमिशनवर भरलेल्या कराची वजावट कंपन्यांना मिळेनाशी झाली. तेव्हा काही कंपन्यांनी कमिशन करासह धरायचे ठरवले. शंभर रुपये मिळत होते, तिथे पंच्याऐंशीच्या आसपास हाती पडतात. ज्येष्ठांना मिळालेल्या सवलतीचा काही भार असा एजंटाच्या डोक्यावर गेला.

हा एजंट म्हणजे पेठेतलाच माणूस. बेलबागेतल्या एका घरात परवा तो अर्ज भरत बसला होता. काकांचे वय ६७. एप्रिल २०२४ पूर्वी पासष्टी ओलांडलेल्याला नवी पॉलिसी नाकारायला कंपनीला वयाचे कारण पुरत असे. आता ती अट उरलेली नाही. अर्ज सरळ चालला होता, तो आजारांच्या रकान्याशी थांबला. काकू आतून गोळ्यांचा डबा घेऊन आल्या. एजंट म्हणाला, “काका, शुगर लिहिली तर हप्ता वाढतोय, न्हाईतर अर्जच परत येतोय.” पेन रकान्यावर तसेच टेकलेले.

त्या क्षणी एजंटाचे पोट आणि काकांचे हित समोरासमोर येतात. साखर लिहिली तर त्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. लपवली, तर पहिली पाच वर्षे कंपनीला क्लेम नाकारण्याचे हत्यार मिळते आणि पॉलिसीच हातची जाऊ शकते. म्हणजे लिहिणेच शहाणपणाचे. पण अर्ज परत आला, तर एजंटाच्या खेपा फुकट जातात, कारण त्याची कमाई फक्त भरलेल्या हप्त्यावर आहे.

पूर्वी वैयक्तिक आरोग्य विम्याच्या कमिशनला १५ टक्क्यांची मर्यादा होती. १ एप्रिल २०२३ पासून ती गेली. आता कंपनीचे संचालक मंडळ दर ठरवते; बंधन आहे ते एकूण खर्चावर, म्हणजे केवळ आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीला हप्त्यांच्या ३५ टक्के आणि सर्वसाधारण विमा कंपनीला ३० टक्के. कोणत्या पॉलिसीमागे एजंटाला किती मिळतात, हे ग्राहकाला कळत नाही. म्युच्युअल फंडात २०१६ पासून सहामाही पत्रकावर वितरकाला दिलेली रक्कम रुपयांत छापतात. मग विम्याच्या कागदावर का नको?

त्याहून मोठा दोष दुसरा आहे. रात्री दोनला काकांना दवाखान्यात हलवले, की पहिला फोन एजंटाला जातो. कॅशलेसची मंजुरी एका तासात, घरी सोडतानाची तीन तासांत, असा नियम २०२४ मध्ये झाला. पण कागद जुळवून, कंपनीतर्फे क्लेम हाताळणाऱ्या टीपीएच्या मागे लागायला माणूस लागतो. त्या रात्रीचा मोबदला शून्य. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. तेही तो सांगतो, पदरचा वेळ घालून. विकण्याजोगे नाही ते सांगायला पैसे नाहीत, अशी ही रचना आहे.

अमेरिकेत मेडिकेअरच्या खासगी योजना विकणाऱ्या एजंटाला सरकार डॉलरांत कमाल रक्कम ठरवून देते. २०२५ साली बहुतेक राज्यांत ती पहिल्या वर्षी ६२६ आणि नूतनीकरणाला ३१३ होती. टक्केवारी नसल्याने महागडी योजना गळ्यात मारण्याचा मोह निदान कमी होतो. आपल्याकडे उलट आहे. वयाबरोबर हप्ता वाढतो, तसे कमिशनही वाढते. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर आधी विमा नियामक प्राधिकरणाशी बोला, असे जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावले गेले. एजंटाच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आमची मागणी साधी आहे. साठीपुढच्या ग्राहकाच्या पॉलिसीवर कमिशनचा आकडा रुपयांत छापा, आणि त्यातला काही भाग क्लेमच्या वेळी उभा राहणाऱ्यासाठी राखून ठेवा. अर्ज नाकारला गेला तरी खरे लिहिणाऱ्या एजंटाला निदान खेपांचा खर्च द्या. कमिशन कापून कंपनीचा ताळेबंद सावरेल, पण रात्री फोन उचलणारा माणूस हा धंदाच सोडून जाईल.

बेलबागेतल्या त्या घरात काकूंनी डबा टेबलावर ठेवला आणि एजंटाने गोळ्यांची नावे एकेक करून रकान्यात उतरवली. अर्ज गेला आहे. कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही.