खाचर आणि कातळ

दिवाळीच्या सुमारास टाकवे बुद्रुकला मामांकडे जायचे, म्हणजे कान्हे स्टेशनावर उतरल्यापासूनच इंद्रायणी भाताचा वास सोबतीला येतो. यंदा मात्र मामा ओटीवर खिन्न बसले होते.

"डाक्टरांनी नापास केलं रं मला. म्हन्ले, या उपचाराला तुम्ही योग्य न्हाई. आता पुन्यांदा मुंबईला जायचं न्हाई!"

मी मराठीचा मास्तर. 'योग्य' हा शब्द वीस वर्षे शिकवतो आहे. पण त्याने माणूस असा खचलेला प्रथमच पाहिला. मामांचे कागद घेऊन एका डॉक्टर मित्राला फोन लावला.

प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीपुरताच असला, तर काहींच्या ग्रंथीत किरणोत्सर्गी आयोडीनचे दाणे पेरतात. दाणा जेमतेम पाच मिलिमीटर लांब, सुईतून जाईल इतका बारीक. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे दाणे तयार केले आहेत. त्यांचा जोर दर ६० दिवसांनी निम्मा होतो.

पण आधी आतली मोजणी होते. ग्रंथी साधारण ५०-६० घनसेंटिमीटरपर्यंतची बरी. मामांची ७० भरली. सुया बैठकीच्या जागेतून सरळ आत घालतात. ग्रंथी मोठी असली, की तिच्या कडा पुढच्या हाडाच्या कमानीआड जातात. सुई हाडावर अडते आणि तेवढा भाग कोरडा राहतो. पूर्वी दुर्बिणीतून ग्रंथी कोरली असेल, तर पोकळीत दाणा धरून राहत नाही. लघवी आधीच अडत असेल, तर सुयांच्या सुजेने ती पुरती तुंबण्याची भीती.

मी मामांना म्हटले, "खाचराच्या कडेला कातळ पुढे आलेला असला, तर त्याच्या आड आवण लावता येईल का?"

"न्हाई. हातच पोचत न्हाई."

"मग खाचर नापास?"

मामा हसले. "खाचर कोन टाकून देतंय? दुसरी तऱ्हा करायची."

"डॉक्टरांचेही तेच म्हणणे. बाहेरून किरण देता येतात, शस्त्रक्रिया आहे. काहींना औषधाने ग्रंथी आकसवून पुन्हा मोजतात. तुमच्यासाठी कोणती तऱ्हा, ते त्यांनाच विचारायचे. पण विचारायला जायला तर हवे!"

मामा थोडा वेळ अंगणातल्या भाऱ्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "झोडणी उरकू दे. सोमवारी तू येशील सोबत?"

वाचकहो, 'योग्य नाही' असे कुणी म्हटले, की 'कशासाठी?' एवढे अवश्य विचारावे. सोमवारी मी रजा टाकली आहे.