डिस्क फुल्ल? डिलीट नको!

घरच्या जेलीफिन सर्व्हरवर जागा संपली की तुमची पहिली कुऱ्हाड कशावर पडते? घरगुती व्हिडिओंवरच ना? कोण बघतंय ते! मीही आजीचे व्हिडिओ उडवणारच होते. मग बघितलं, तर मर्जरएफएसने जोडलेल्या दोन डिस्कपैकी एक गच्च, दुसरी जवळपास रिकामी! फोल्डर आधीपासून ज्या डिस्कवर आहे, नवी फाइलही तिथेच टाकायची, असा नियम मीच लावून ठेवलेला. तो बदलून 'एमएफएस' केला, म्हणजे जास्त मोकळ्या डिस्कवर लिही. जुन्या फाइली मात्र आपोआप हलत नाहीत, त्या आपणच हलवायच्या. आणि हो, डिस्क जोडल्या म्हणजे बॅकअप झाला असं अजिबात नाही. एक बिघडली की तिच्यावरचं सगळं गेलं. सिनेमे काय, परत मिळतील. आजीचा आवाज मी आता तिसऱ्या, वेगळ्या डिस्कवरही ठेवलाय.