गोळी लपवणारा ड्रायव्हर

मुखेडच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ तावातावाने सांगत असतात: शुगर-बीपी निघाले की ड्रायव्हरचे लायसन काढून घ्या, त्याला घरी बसवा. दाखला देतात जानेवारी 2022 चा. मोराची चिंचोलीहून वाघोलीला परतणाऱ्या महिलांच्या मिनीबसच्या ड्रायव्हरला फिट आली आणि प्रवाशांतल्याच एका बाईने स्टिअरिंग हाती घेतले.

घटना खरी, पण ती फिटची. फिट किंवा अचानक भोवळ येते का, हा लायसनच्या नमुना 1 मधला पहिलाच प्रश्न आहे. त्यावर कुणाचाच वाद नाही. बीपी बहुतेकांचे औषधाने आटोक्यात ठेवता येते, तेवढे उत्तर पुरे.

शुगरवर मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण इथे या गृहस्थांचे अज्ञान जिवावर बेतणारे आहे. त्यांना धास्ती वाढलेल्या साखरेची. स्टिअरिंगवर अचानक दगा देते ती बहुधा उतरलेली साखर, आणि ती उतरते ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकले की. सकाळी गोळी घेऊन निघालेल्या ड्रायव्हरची गाडी जांबच्या पुढे पंक्चर होते, जेवणाची वेळ टळते. मग दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, समोरचे वळण दिसते पण काय करायचे ते सुचत नाही. अशा वेळी जवळ ग्लुकोजचा पुडा असेल आणि आजार कंडक्टरला ठाऊक असेल, तर गाडी वेळीच बाजूला लागते. पण सांगितल्यावर भाकरी जाणार असेल तर कोण सांगेल? गोळी बायकोलाच ठाऊक राहील. पुष्कळजण तर रक्त तपासायलाच जाणार नाहीत. या गृहस्थांचा नियम लागू झाला, तर उपचार घेणारा घरी बसेल आणि लपवणारा गाडी चालवेल. त्यांच्या मुलाबाळांनी यातल्या कुणाच्या गाडीत बसावे, हे त्यांनीच सांगावे.

सगळा दोष ड्रायव्हरवर टाकण्याची ही खोड जुनीच आहे. गाडी पलटी झाली की आधी ड्रायव्हरचा श्वास हुंगायचा. खड्डे, झिजलेले टायर, लागोपाठ ड्युटी यांची चौकशी मागाहून, झाली तर. दिवसाला 8 तासांची मर्यादा 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच घातली होती. काळी-पिवळी जीप किंवा उसाचा ट्रक चालवणाऱ्याला ती कुणी लागू केली?

करायचे ते अवघड नाही. वैद्यकीय दाखला माणूस तपासूनच द्यावा. शुगर आणि डोळे दरवर्षी पाहावेत, जेवणाची वेळ ड्युटीतच धरावी. गाडी चालवणे खरेच अशक्य झाले तर दुसरे काम द्यावे. शेजारच्या तेलंगणातल्या रंगांधळ्या बसचालकाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तसाच निकाल दिला आहे.

ड्रायव्हरदादा, गोळी घेतली असेल तर जेवणाची वेळ चुकवू नका, आणि आजार कंडक्टरला, क्लीनरला आजच सांगून ठेवा.