जंतूची वाट

रोगजंतूंचा धडा आमचे विद्यार्थी उत्तम पाठ करितात. आकृति हुबेहूब काढितात, गुणही मिळवितात. तथापि जंतूचें नांव ठाऊक असणें निराळें आणि त्याची वाट ठाऊक असणें निराळें. दुसऱ्या ज्ञानावांचून पहिलें अपुरें, किंबहुना कधीं कधीं घातक ठरतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जंतु म्हणजे एका पेशीचा, नुसत्या डोळ्यांस न दिसणारा जीव. सर्वच जंतु आपले वैरी नव्हत. दुधाचें दहीं जंतुच करितात. हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींत राहून हवेंतील नायट्रोजन पिकास मिळवून देणारेही जंतुच. रोगकारक ते थोडेच. एकाचे दोन, दोहोंचे चार, असे ते वाढतात. अनुकूल स्थितींत कांहीं जंतु दर २० मिनिटांनीं दुप्पट होतात. अन्न पुरलें तर १० तासांत एकाचे १०० कोटींहून अधिक! शरीरांत शिरल्यावर कोणी पेशींचा नाश करितात, कोणी विष निर्माण करितात. पटकीच्या जंतूच्या विषामुळें शरीरांतील पाणी आंतड्यांत ओढलें जातें आणि धट्टाकट्टा माणूस कांहीं तासांत गलितगात्र होतो.

परंतु हे जंतु शरीरांत येतात कोठून? ही वाट न कळल्यास काय होतें, हें मुंबई-पुण्यानें भोगलें आहे. प्लेगचा जंतु अलेक्झांडर येर्सिन यांनीं १८९४ मध्यें हाँगकाँग येथें शोधून काढिला. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग उद्भवला तेव्हां शत्रु ओळखला गेला होता, त्याची वाट मात्र कळली नव्हती. गटारें धुतलीं, घरांत जंतुनाशकें शिंपडलीं. १८९७ मध्यें पुण्यांत सैनिकांनीं घरोघर झडती घेतली, रुग्णांची आप्तांपासून ताटातूट झाली. रोग हटला नाहीं. लोक मात्र रोगाहून झडतीसच अधिक भिऊं लागले आणि रुग्ण लपवूं लागले. पुढें १८९८ मध्यें पॉल-लुई सिमाँ यांनीं कराची येथें प्रयोगानें दाखविलें कीं, हा जंतु उंदरांवरील पिसवांच्या चाव्यानें पसरतो. फुप्फुसाचा प्लेग श्वासावाटेही पसरतो, हें खरें. परंतु गांठीच्या प्लेगांत खरा दूत पिसूच. माणसांमागें धांवतांना उंदरांकडे दुर्लक्ष झालें होतें!

त्याच साथींत रुग्णांची शुश्रूषा करितांना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. पिसवेची वाट त्यांसही ठाऊक नव्हती. पण रुग्णास त्यांनीं वैरी मानिलें नाहीं.

आज औषधें आहेत, पुस्तकें आहेत. तरी जुनी चूक घरोघर दिसते. क्षयरोगी घरांत असला कीं त्याचें ताट व पेला निराळा होतो, आणि खोलीची खिडकी मात्र बंदच राहते. वस्तुतः क्षयाचा जंतु ताटावाटे नव्हे, तर खोकल्यावाटे हवेंतून पसरतो. म्हणजे जेथें भय नको तेथें आपण भितों, आणि जेथें सावधगिरी हवी तेथें निश्चिंत असतों. त्यांत लोकलज्जेस्तव रोग लपविला जातो, उपचारास उशीर होतो, आणि एखादें बरें झालेलें मूल शाळेंत परतलें तरी बांकावर एकटेंच बसतें. हा जंतूचा अपराध नव्हे. हा आपला अपराध आहे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, प्रत्येक रोगाविषयीं प्रथम विचारा: हा कोणत्या वाटेनें येतो? पाण्यावाटे येत असेल तर पाणी उकळा, साबणानें हात धुवा. हवेवाटे येत असेल तर खिडक्या उघडा, खोकतांना तोंड झांका. आणि पालकांस विनंति कीं, रोग लपवूं नका, औषध अर्ध्यावर सोडूं नका. वाट जंतूची अडवावयाची आहे, माणसाची नव्हे.