उलटें दिसलेलें शहर

छायाचित्रांचा नाद आम्हांस वडिलांकडून लागला, आणि प्रतिबिंबांचा गांवाकडून. आमच्या तळेगांव दाभाड्यास नांवच तळ्याचें. वारा सुटण्यापूर्वीं काठावर उकिडवें बसलें, कीं पलीकडचें प्रत्येक झाड मुळाशीं जोडलेलें दुहेरी दिसे. त्यांतून हें गांव कांचेचें. घरोघर पैसा पैसा मागून उभ्या केलेल्या पैसा फंडाचा कांच कारखाना १९०८ सालीं येथेंच निघाला. तेव्हां पाणी आणि कांच या दोहोंवर नांवारूपास आलेलें व्हेनिस शहर आम्हांस पहिल्या भेटींतच आपलेंसें वाटलें, यांत नवल तें काय! तेथल्या कांचभट्ट्या आगीच्या भयानें १२९१ सालीं मुरानो बेटावर हलविल्या, आणि पुढें तेथल्या आरशांनीं साऱ्या युरोपास वेड लावलें.

तीन वेळां आम्ही तेथें गेलों. चित्रशाळा पाहण्याचें काम मंडळींवर सोपवून आम्ही आपले कालव्यांच्या कडेनें खालीं मान घालून हिंडत असूं. हौशी वाचकांसाठीं एक खूण सांगून ठेवितों. प्रतिबिंब टिपतांना भिंग पाण्याच्या पृष्ठावर साधूं नये. कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत व तेथून मूळ वस्तूपर्यंत जें एकूण अंतर, त्यावर साधावें. कॅमेरा पाण्यालगत न्यावा, म्हणजे प्रतिबिंब भरदार उमटतें. आणि पहांटे उठावें. एकदां मोटारबोटी सुरू झाल्या, कीं राजवाड्यांच्या चिंध्या होतात. १५९१ सालीं पुरा झालेल्या रिआल्टो पुलाच्या कमानीचें पोट आम्हीं असें पाण्यांतच निवांत पाहिलें आहे.

तिसरी खेप २०१९ ची. १२ नोव्हेंबर, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. पौर्णिमेची भरती, तींत आग्नेयेकडून समुद्र लोटीत आणणारा वारा. रात्रीं पाणी १८७ सेंटिमीटरांवर गेलें. नोंदींत याहून मोठा पूर एकच, १९६६ चा, १९४ सेंटिमीटरांचा. रात्रभर भोंगे वाजत होते. सकाळीं सान मार्कोच्या चौकांत पोहोंचलों, तों गुडघाभर पाणी. क्षणभर वारा पडला, आणि त्या मंदिराचे पांचही घुमट आमच्या पायांशीं उलटे उभे राहिले. असें चित्र जन्मांत एकदांच मिळतें. डाव्या बाजूस एक बाई दुकानाच्या उंबऱ्यांत उभी राहून बादलीनें पाणी बाहेर फेंकीत होती. तिला चौकटीबाहेर ठेवावें म्हणून आम्ही दोन पावलें सरकलों. पण मग एक घुमट तुटे. अखेर तिच्यासकट चित्र घेतलें.

घरीं आल्यावर तें मोठें करवून माजघरांत लाविलें. आल्यागेल्यांनीं वाखाणलें, पोरांनीं मान उलटी करकरून पाहिलें. थोरल्या काकू मात्र चष्मा लावून बराच वेळ कोपऱ्यांतल्या त्या बाईकडेच पाहत राहिल्या. "कोण रे ही?" त्यांनीं विचारलें. आम्हांस कांहीं सांगतां येईना. "धान्य तरी वर काढलें होतें का तिनें?"

काकूंचें सासर पूर्वीं पुण्यांत, नदीकांठच्या पेठेंत होतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासला गेलें, आणि त्या विशीच्या आंतबाहेरच्या सुनेनें वाड्याची भिंत पाण्यांत बसतांना पाहिली. मग सारी मंडळी तळेगांवीं आली. इतकें आम्ही सारे जाणून होतों. पण मडक्यांतले तांदूळ भिजून मडकेंच कसें तडकलें, गाळांतून देव काढतांना अन्नपूर्णा कशी सांपडली नाहीं, हें त्या प्रथमच बोलल्या, तेंही त्या चित्राकडे तोंड करून. घरांतल्या कोणी हें आजवर विचारलें नव्हतें, आम्हींही नाहीं.

पुढील वर्षीं ३ ऑक्टोबरला व्हेनिसच्या तीन समुद्रमुखांवरील ७८ पोलादी दरवाजे भरतीविरुद्ध प्रथमच उचलले गेले, आणि चौक कोरडा राहिला. ही वार्ता आम्हीं मोठ्या उत्साहानें काकूंस वाचून दाखविली.

"धरण आमच्याकडेही होतें हो," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि वाती वळूं लागल्या.