हक्कसोड आणि तोंडबंदी

माझ्या आत्याने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडला. खरं तर तिच्याकडून तो सोडवून घेतला. यावर मी एक लेख लिहिला आहे आणि तो अजून छापलेला नाही. तो का छापू नये याची कारणं मला सतत कोणीतरी पुरवत असतं, आणि पुरवणारे सगळे माझं भलं चिंतणारे आहेत. या भल्या माणसांशीच मला भांडायचं आहे.

घडलं ते महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत घडतं तसंच. आजोबा गेले. वारसनोंदीत भावांची नावं सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून लागली, बहिणींची ‘इतर हक्कात’ गेली. वर्षश्राद्ध व्हायच्या आत एका सकाळी गाडी करून आत्यांना तालुक्याला नेलं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो, अंगठा, सही. येताना हॉटेलात जेवण, घरी आल्यावर साडी-चोळी. जमीन विहिरीखालची, बागायत. कागदावर लिहिलेलं की हा हक्क मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडत आहे. आणि गाडीत बसण्याआधी चुलीपाशी तिला सांगितलेलं की सही केली नाहीस तर माहेर विसर, तुझ्या पोरांच्या लग्नात मामा उभा राहणार नाही. चुलीपाशी झालेलं बोलणं कुठल्या दस्तात येतं?

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. केंद्राच्या त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असायला हवेत की नकोत, यावर कोर्टात वर्षानुवर्षं चाललेला घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात संपवला. कायदा एवढा स्वच्छ आहे. तरी बाईच्या हाती वाटा पडत नाही, कारण तो तिच्याकडून काढून घ्यायला कायदा मोडावाच लागत नाही. तिला माहेराची भीती घालायची आणि कार्यालयात नेऊन उभी करायची, पुढचं सगळं कायदेशीर.

आता भल्या माणसांची कारणं. घरातलं घरात राहू दे, हे पहिलं. मला विचारायचं आहे, घरातलं तालुक्याला कोणी नेलं? दोन साक्षीदार उभे करून, सरकारी शिक्का मारून, तलाठ्याकडे फेरफार लावून जे केलं ते घरातलं कसं? तो सार्वजनिक दस्त आहे, कोणीही अर्ज करून त्याची नक्कल काढू शकतं. गुप्त ठेवायची आहे ती फक्त आत्याची बाजू. तरी मला ऐकवतात की लेख एकांगी आहे, दुसरी बाजूही यायला हवी. दुसरी बाजू नोंदणीकृत आहे. सातबाऱ्यावर तीच आहे.

नात्यातल्या एका वकिलांनी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ दाखवलं. मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, तुझे वडील आता नाहीत, जपून लिही, असं म्हणाले. कलम त्यांनी बरोबर सांगितलं. त्याच कलमाचा पहिला अपवाद मात्र सांगितला नाही: गोष्ट खरी असेल आणि ती सांगणं लोकांच्या हिताचं असेल तर ती बदनामी ठरत नाही. कायद्याचं भय दाखवायचं आणि कायद्याने दिलेला आधार झाकून ठेवायचा, याला मी सल्ला म्हणत नाही. आत्याशी जे केलं तेच माझ्याशी चाललं आहे.

वडिलांबद्दल एवढंच. त्या रानातल्या उसावर माझं कॉलेज झालं. घरच्यांना वाटतं की म्हणून तरी मी गप्प बसावं. मला वाटतं, बोलायची जबाबदारी आधी माझीच आहे. बहीण बोलली तर ती वाट्यासाठी हपापलेली ठरते आणि तिचा नवरा तिचे कान भरणारा ठरतो. जिला त्या सहीचा फायदा मिळाला तिने सांगितलं, तर तिला कोणता लोभ चिकटवणार?

मग येतं ‘आता नको’. चुलतबहिणीचं लग्न ठरतंय, आता नको. काकांची तब्येत बरी नसते, आता नको. पंचायतीची निवडणूक तोंडावर आहे, आता नको. यात ‘मग कधी’ याचं उत्तर कोणीच देत नाही, कारण खरं उत्तर आहे आत्या गेल्यावर. ती गेली की हे प्रकरण जुनं होईल आणि मग जुनं उकरून काय मिळवणार, असं हीच माणसं विचारतील.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी वेगळी वाट सुचवली. कथा करा, नावं बदला, शेवट थोडा मऊ करा, आम्ही आनंदाने छापू. मी नाही म्हणाले. ही गोष्ट कथा म्हणून वाचणारा हळहळेल आणि पान उलटेल. लेख म्हणून वाचली तर आपल्या घरचा फेरफार काढून बघेल. मला त्याने फेरफार काढायला हवा आहे.

या भल्या माणसांतले बरेच जण ताराबाई शिंद्यांवर भाषणं देतात, म्हणून राग जास्त येतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, त्या निमित्ताने ‘पुणे वैभव’मधून बायकांच्या चारित्र्यावर चिखल उडाला, आणि बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापून घेतलं. तेव्हा तरी वेळ बरोबर होती का? जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पण टीका इतकी कडवट झाली की त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. ते एक पुस्तकही विस्मृतीत गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा मराठी वाचकाला ते सापडलं. मध्ये नव्वदहून अधिक वर्षं गेली. एका बाईला गप्प करायची एवढी किंमत भाषेने मोजली, आणि तिला गप्प करायला तुरुंग लागला नाही, जप्ती लागली नाही. भोवतालच्या माणसांची नापसंती पुरली.

फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवता चालवता लिहीत आणि लिहिलेलं नवऱ्याच्या, मुलाच्या नजरेला पडू नये म्हणून दडवून ठेवत. अशी वीसेक वर्षं गेली. मग मॅक्सीन बर्नसन या अभ्यासक बाईंनी आग्रह धरला, ‘स्त्री’ मासिकातून ते येऊ लागलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तक झालं. या लपवण्याला लोक आज बेबीताईंचा संकोच म्हणतात. तो संकोच त्यांच्या स्वभावात नव्हता, त्यांच्या घरात होता. आणि ‘छाप’ म्हणणारं एक माणूस भेटलं नसतं तर ती पानं तशीच राहिली असती. ‘नको’ म्हणणाऱ्यांनी स्वतःला हे विचारावं की आपण आजवर कुणाला ‘छाप’ म्हटलंय का.

एक अडथळा मात्र मी मानते. ही गोष्ट माझी नाही, आत्याची आहे. छापून आल्यावर मी शहरातच असेन. भाऊबीजेला भाऊ येतो की नाही याची वाट तिला बघावी लागेल. तिने नको म्हटलं असतं तर मी तो लेख फाडला असता, मग कोणी मला भित्री म्हणो. म्हणून मी गावी गेले आणि तिला सगळा वाचून दाखवला. तिने मध्येच थांबवून एक नाव सुधारलं, साक्षीदार कोण होता ते सांगितलं, तिच्या थोरल्या बहिणीने सही करायच्या आधी काय म्हटलं तेही सांगितलं, जे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी म्हणाली, “तुझ्या बापाचं नाव नको घालूस, भाऊ होता माझा. पण माझा वाटा किती गुंठे होता ते लिही. तू कुठं लिहिलंच नाहीस.”

गुंठे लिहिले आहेत. वडिलांचं नाव काढलं आहे. लेख या आठवड्यात पाठवते आहे, दुसऱ्या संपादकांकडे, आणि वर लिहिलं आहे की ही कथा नाही.